अक्षरांचे थर: सोशल मीडियासाठी उठावदार चित्र कसं तयार करावं

फोनच्या पडद्यावर बोट सरकत असतं आणि एकेका चित्राच्या वाट्याला जेमतेम क्षणभर येतो. तेवढ्यात शब्द डोळ्यांत भरला तरच बोट थांबतं. अक्षरांना सावली, कड, जाडी, चमक देण्याची सगळी धडपड या एका क्षणासाठी आहे. म्हणून कोणताही नवा थर चढवताना मी एकच गोष्ट तपासते: याच्यामुळे शब्द आधीपेक्षा लवकर वाचता येतोय का? उत्तर 'नाही' आलं, तर तो थर कितीही देखणा असला तरी काढून टाकते.

या लेखात आपण एकच चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू. धावण्याच्या सरावाचं आमंत्रण आहे असं समजा. फोटोत सकाळच्या उन्हात धावणारी एक मुलगी, ऊन डावीकडून वरून येतंय, मागे मोकळं आकाश. मोठा मजकूर 'पहाटे धावूया', खाली लहान अक्षरांत 'नव्याने धावणाऱ्यांसाठी'. हे शब्द मी मुद्दाम निवडलेत. देवनागरीच्या बऱ्याच अडचणी त्यांत येतात.

थर म्हणजे काय

फोटोवर एक पारदर्शक कागद ठेवा आणि त्यावर अक्षर काढा. त्यावर दुसरा कागद, त्यावर तिसरा. वरून पाहिलं की एकच चित्र दिसतं, पण कोणताही कागद वेगळा उचलता, सरकवता, बदलता येतो. अ‍ॅनिमेशनवाले हेच करायचे. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि हलणारी पात्रं पारदर्शक सेल्युलॉइडवर काढायची, या पद्धतीच्या पेटंटसाठी अमेरिकन अ‍ॅनिमेटर अर्ल हर्ड यांनी 1914 मध्ये अर्ज केला होता. फोटोशॉपमध्ये लेअर, म्हणजे हेच थर, आले ते 1994 च्या 3.0 आवृत्तीत. आज कॅनव्हा, फोटोपी, गिंप, कृता अशा सगळ्या साधनांत ते आहेत.

साधन कोणतं घ्यावं यावर फार वेळ घालवू नका. फोनवर काम करायचं असेल तर कॅनव्हासारखं अ‍ॅप पुरेसं आहे. संगणक असेल आणि पैसे खर्च करायचे नसतील तर फोटोपी ब्राउझरमध्येच उघडतं आणि त्याची मांडणी फोटोशॉपसारखी आहे. गिंप मोफत आहे, आणि 2025 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीपासून त्यात इफेक्ट दिल्यावरही ते नंतर बदलता येतात. पुढे सांगितलेली कृती यांपैकी कशातही करता येते, फक्त बटणांची नावं बदलतील.

कॅनव्हास आणि कापली जाणारी जागा

कॅनव्हास म्हणजे चित्राची कोरी चौकट. इन्स्टाग्रामच्या उभ्या पोस्टसाठी ती 1080 × 1350 पिक्सेल घ्या. स्टोरी आणि रील यांच्यासाठी 1080 × 1920, यूट्यूबच्या थंबनेलसाठी 1280 × 720. आपलं चित्र 1080 × 1350 चं आहे.

आता कडा सांभाळा. 2025 च्या सुरुवातीपासून इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरचे चौकोन 3:4 प्रमाणात दिसतात. 1350 उंचीला या प्रमाणात रुंदी 1012 च्या आसपास बसते, म्हणजे दोन्ही बाजूंनी साधारण 34 पिक्सेल कापले जातात. मी चारही बाजूंनी 80 पिक्सेल सोडून मार्गदर्शक रेषा आखते आणि एकही अक्षर त्यापलीकडे जाऊ देत नाही. स्टोरीत वर प्रोफाइलचं नाव आणि खाली उत्तर देण्याची पट्टी येते, तिथे वरचे 250 आणि खालचे 340 पिक्सेल मोकळे ठेवलेले बरे. थंबनेलचा खालचा उजवा कोपरा व्हिडिओची वेळ झाकते.

आधी साधी अक्षरं, तीही नीट

थरांकडे जाण्याआधी या पायरीवर थांबा. पाया इथेच पडतो, आणि मराठी अक्षरांच्या बाबतीत बहुतेक चित्रं इथेच बिघडलेली असतात.

पहिली गोष्ट, अक्षरं जुळून येतायत ना ते बघा. फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षरं फुटली, तर दोष फॉन्टचा नसतो. प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. जुन्या आवृत्त्यांत हाच पर्याय 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' या नावाने असतो. मग प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा आणि मजकूर नव्याने टाइप करा.

दुसरी गोष्ट फॉन्टची. मोठ्या मजकुरासाठी जाड आणि मोकळ्या पोटाची, म्हणजे आतली पोकळी बुजलेली नसलेली, अक्षरं लागतात. मुक्ता हा फॉन्ट सात वजनांत, म्हणजे सात जाडींत, मिळतो, त्यातलं सर्वांत जाड वजन या कामाला उत्तम. बालू 2 गोलसर आणि खेळकर आहे. तेको आणि खंड अरुंद आहेत, लांब शब्द कमी जागेत बसवायचा असेल तर उपयोगी पडतात. मोदक अतिशय जाड आहे आणि त्याच्या अक्षरांची पोटं जवळजवळ बुजलेली असतात, त्यामुळे तो एखाद्याच मोठ्या शब्दाला शोभतो. तिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत. बाकीच्या बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, आणि मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते थोडे परके वाटतात. वर सांगितलेले सगळे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत.

निवडलेल्या फॉन्टमध्ये 'धावणाऱ्यांसाठी' टाइप करून बघा. र चं ते छोटं, पापणीसारखं रूप काही फॉन्टमध्ये बरोबर येत नाही, त्याजागी रफार दिसतो किंवा पाय मोडलेला र दिसतो. तसं झालं तर फॉन्ट बदला. चुकीच्या अक्षरावर चढवलेली सुंदर सावली ती चूकच ठळक करते.

तिसरी गोष्ट शिरोरेखेची. इंग्रजी मजकुराला ऐसपैस दिसण्यासाठी अक्षरांमधलं अंतर वाढवायची पद्धत आहे. तेच देवनागरीला केलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अक्षरांमधलं अंतर शून्यावरच ठेवा. तयार टेम्प्लेटमध्ये इंग्रजी मजकूर पुसून मराठी लिहिला, तर ते वाढवलेलं अंतर तसंच मागे राहिलेलं असतं, तेही तपासा. शब्द रुंद हवा असेल तर रुंद फॉन्ट घ्या, अक्षरं आडवी ताणू नका. ताणल्याने उभे दांडे जाड होतात, शिरोरेखा मात्र आधीइतकीच राहते, आणि अक्षराचा तोल जातो.

चौथी गोष्ट, ओळींमधलं अंतर. आपण 'पहाटे' वर आणि 'धावूया' खाली ठेवतोय. 'पहाटे'च्या खाली एकही उकार नाही आणि 'धावूया'च्या डोक्यावर एकही मात्रा नाही, त्यामुळे दोन ओळी अगदी जवळ आणता येतात आणि शब्दांचा एक घट्ट ठोकळा तयार होतो. उलट क्रमाने लिहिलं असतं तर वू चा ऊकार आणि टे ची मात्रा यांच्यासाठी जागा सोडावी लागली असती. मजकूर ठरवतानाच हे बघितलं की पुढचं काम सोपं जातं. कधी कधी मी निव्वळ या कारणासाठी शब्दांची जागा बदलते.

आता मोठ्या अक्षरांचा आकार असा ठेवा की शब्द कॅनव्हासच्या रुंदीचा बहुतेक भाग व्यापेल. रंग तूर्त पांढरा. चित्र लहान करून, म्हणजे प्रोफाइलवर दिसेल तेवढं करून पाहा. शब्द वाचता आला तरच पुढे चला.

फोटोवर गडद पडदा

पहाटेचं आकाश उजळ असतं, त्यावर फिकट अक्षरं विरून जातात. फोटोच्या वर आणि मजकुराच्या खाली एक नवा लेअर घ्या. त्यात वरून खाली विरत जाणारा गडद निळा ग्रेडियंट भरा, ब्लेंड मोड (लेअर खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत) मल्टिप्लाय ठेवा आणि ओपॅसिटी (अपारदर्शकता) 50 टक्क्यांपासून सुरू करून डोळ्याला पटेल तिथे थांबा. मल्टिप्लाय खालचा फोटो फक्त गडद करतो, त्यामुळे ढगांचे पोत टिकून राहतात. काळ्याऐवजी निळा घेतला कारण तो आकाशात मिसळून जातो.

रंगातला फरक पुरेसा आहे की नाही हे मोजता येतं. वेबवरच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी हे निकष लहान मजकुरासाठी किमान 4.5:1 आणि मोठ्या मजकुरासाठी किमान 3:1 कॉन्ट्रास्ट मागतात. पांढऱ्यावर शुद्ध पिवळं लिहिलं तर हे गुणोत्तर 1.07:1 येतं, काळ्यावर शुद्ध निळं लिहिलं तर 2.44:1. दोन्ही रंगजोड्या भडक वाटतात आणि दोन्ही वाचता येत नाहीत. इंटरनेटवर मोफत कॉन्ट्रास्ट तपासनीस मिळतात, दोन रंगांचे कोड टाकले की आकडा येतो. त्याहून सोपी युक्ती म्हणजे सर्वांत वर काळा भरलेला लेअर ठेवून त्याचा ब्लेंड मोड 'कलर' करा. सगळं चित्र करड्या छटांत दिसेल. तिथेही शब्द उठून दिसत असेल तर रंगांची चिंता नाही. तपासून झालं की तो लेअर बंद करा.

आता थर, वरून खाली

आपल्याला मोठ्या शब्दांचे चार थर लागतील. वरून खाली त्यांचा क्रम असा:

1. मुख्य रंगाची स्वच्छ अक्षरं
2. जाड कड असलेली प्रत
3. खोली देणाऱ्या प्रती
4. मऊ सावली

साधा मजकूर तयार आहेच. त्याची एक प्रत काढून लपवून ठेवा, पुढे काही बिघडलं तर मूळ मजकूर हाताशी राहील. मग आणखी प्रती काढत चला.

मुख्य अक्षरांना फिकट, किंचित पिवळसर पांढरा रंग द्या. त्याखालच्या प्रतीला गडद निळी कड द्या, 10 पिक्सेलची, आणि ती अक्षराच्या बाहेरच्या बाजूला. कड वेगळ्या प्रतीला का द्यायची? देवनागरीत अक्षरं आणि मात्रा शिरोरेखेवर एकमेकांवर चढलेल्या असतात. कड प्रत्येक अक्षराच्या बाह्यरेषेला लावणाऱ्या साधनांत, विशेषतः चित्र रेषांच्या रूपात साठवणाऱ्या व्हेक्टरच्या साधनांत, हे सांधे आतून रेघांसारखे दिसतात. शब्द चिकटवलेल्या तुकड्यांचा वाटतो. कड खालच्या प्रतीला दिली आणि वर स्वच्छ अक्षरं ठेवली की सगळे सांधे झाकले जातात. फोटोशॉपचा लेअर स्टाइलमधला स्ट्रोक पूर्ण लेअरला मिळून एकच कड देतो, तिथे ही अडचण येत नाही, तरी वेगळी प्रत ठेवायची सवय चांगली. नंतर कडेचा रंग बदलायला हात मोकळा राहतो. कोपऱ्यांवर काटे आलेले दिसले तर कडेचे कोपरे गोल करण्याचा पर्याय निवडा. आणि एकाच फाइलमध्ये सगळी वजनं असलेल्या व्हेरिएबल फॉन्टमध्ये एकाच अक्षराच्या आतसुद्धा रेषा एकमेकांवर गेलेल्या असतात. तिथे रेघा दिसल्या तर त्याच फॉन्टची साधी, ठरावीक वजनाची फाइल वापरा.

आता खोली. कडेच्या प्रतीचीच, म्हणजे कडेसकट, प्रत काढा. तिची अक्षरं आणि कड दोन्ही विटकरी रंगाची करा, कडेच्या लेअरखाली ठेवा आणि 2 पिक्सेल उजवीकडे, 2 पिक्सेल खाली सरकवा. तिची पुन्हा प्रत काढा, पुन्हा तेवढीच सरकवा. अशा सात प्रती झाल्या की एकूण 14 पिक्सेलची खोली तयार होते आणि अक्षरं लाकडातून कापल्यासारखी उभी राहतात. 'कडेसकट' हा शब्द इथे महत्त्वाचा. कड न देता प्रत सरकवली तर 14 पिक्सेलपैकी 10 वरच्या कडेखालीच झाकले जातील आणि जेमतेम 4 पिक्सेल बाहेर डोकावतील. खोली नीट दिसत नाही म्हणून प्रती वाढवत बसण्यापेक्षा आधी हे तपासा. सातही प्रती एका ग्रुपमध्ये टाका, म्हणजे लेअरची यादी आटोक्यात राहील.

दिशा उजवीकडे खाली का? फोटोत ऊन डावीकडून वरून येतंय म्हणून. मुलीची सावली एकीकडे आणि अक्षरांची दुसरीकडे पडली तर पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येणार नाही, पण खटकेल. फोटो निवडल्यावर सर्वांत आधी त्यातला प्रकाश कुठून येतोय ते बघून ठेवा.

शेवटचा थर मऊ सावलीचा. आणखी एक प्रत सर्वांत खाली, गडद निळी, 24 पिक्सेल उजवीकडे आणि तेवढीच खाली, 30 पिक्सेल ब्लर, ओपॅसिटी 40 टक्के. सावलीसाठी पूर्ण काळा घेऊ नका. फोटोतल्या सावल्यांचा रंग आयड्रॉपरने उचला, अक्षरं त्याच हवेत उभी असल्यासारखी वाटतील.

ज्या अ‍ॅपमध्ये एका मजकुराला एकच इफेक्ट देता येतो, तिथेही हे सगळं जमतं. मजकूर डुप्लिकेट करायचा, एका प्रतीला कड, दुसरीला सावली, आणि सगळ्या एकावर एक नेमक्या ठेवायच्या. सरकवताना बोटाऐवजी जागेचे आकडे टाकता आले तर आकडेच टाका.

अक्षरांपुढे माणूस

या चित्राला खरा जीव इथे येतो. धावणाऱ्या मुलीचं डोकं आणि खांदा अक्षरांच्या पुढे आला की सपाट फोटोत अंतर तयार होतं: मागे आकाश, मध्ये शब्द, पुढे ती.

फोटोच्या लेअरची प्रत काढा आणि ती सर्वांत वर न्या. त्यात मुलगी निवडा. बहुतेक साधनांत आता माणूस आपोआप निवडण्याची सोय असते. मग पार्श्वभूमी खोडून टाकू नका, मास्क लावा. मास्कमध्ये काळं झाकतं आणि पांढरं दाखवतं, त्यामुळे चुकून कान कापला गेला तर पांढऱ्या ब्रशने तो परत आणता येतो. केसांच्या कडा मऊ ब्रशने हळू सोडवा. केसांभोवती आकाशाची फिकट किनार राहिली तर मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्या. एवढी एक किनार सगळा भास मोडते.

आता डोकं नेमकं कोणत्या अक्षरावर येतंय ते बघा. देवनागरीत लहानशा खुणेने अक्षर बदलतं. ध आणि घ यांच्यातला मोठा फरक डाव्या वरच्या कोपऱ्यात, शिरोरेखेच्या फटीत आहे. भ आणि म यांचंही तसंच. आपल्या शब्दात ध चा तो कोपरा झाकला गेला तर 'धावूया' चं 'घावूया' वाचलं जाईल. टे ची मात्रा झाकली तर 'पहाटे' चं 'पहाट' होईल, वू चा ऊकार गेला तर शब्दच कळणार नाही. व आणि ब यांच्यात तर पोटातल्या एका रेघेचाच फरक आहे. म्हणून आधी अशा नाजूक जागा हेरा आणि मग मजकूर डावी-उजवीकडे सरकवून डोकं बिनधोक जागी आणा. य चा दांडा किंवा शेवटचा काना थोडा झाकला गेला तरी चालतो, डोळा तो मनाने पूर्ण करतो. एका शब्दात एकच अक्षर झाकावं, तेही निम्म्याहून कमी. खात्री करायची असेल तर ज्याला मजकूर माहीत नाही अशा कुणाला तरी चित्र दाखवा आणि वाचायला सांगा. तुम्हाला स्वतःला ते नेहमीच वाचता येईल, कारण शब्द तुमच्या डोक्यात आधीच आहे.

लहान ओळ, 'नव्याने धावणाऱ्यांसाठी', खाली मोकळ्या जागेत ठेवा. तिला खोली, कड, चमक यातलं काही देऊ नका. मोठ्या शब्दाचा डौल टिकतो तो शेजारचा मजकूर साधा असल्यामुळे. मागे फोटो गजबजलेला असेल तर ओळीखाली एक अर्धपारदर्शक पट्टी पुरे.

अक्षरांमध्ये फोटो भरण्याची युक्तीही लोकप्रिय आहे: मजकुरावर फोटोचा लेअर ठेवायचा आणि क्लिपिंग मास्क लावायचा, की फोटो फक्त अक्षरांच्या आकारात दिसतो. ती वापरायची तर फोटो पोताचा घ्या, जसं पानं, पाणी, दगड. चेहऱ्यांचा फोटो अक्षरांत तुकडे होऊन बसतो. आणि पार्श्वभूमी कोरी ठेवा.

जतन करणं

थरांसकट फाइल आधी जतन करा, पीएसडी किंवा गिंपची एक्ससीएफ. मग प्रकाशनासाठी एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, 1080 रुंदीची पीएनजी काढा.

अपलोड झाल्यावर अ‍ॅप चित्र पुन्हा दाबून लहान करतं. जेपीईजी दाबताना सहसा उजेडाची माहिती पूर्ण ठेवली जाते आणि रंगाची माहिती कमी बारकाईने. त्यामुळे ज्या दोन रंगांचा उजेड सारखा आहे, जसं लाल आणि मध्यम निळा, त्यांच्यामधली अक्षराची कड धुरकट होते. आपण फिकट अक्षराभोवती गडद निळी कड दिली आहे, तिथे उजेडाचा फरक मोठा आहे, म्हणून ती दाबल्यावरही धारदार राहते.

पोस्ट करताना पर्यायी मजकूर भरा. इन्स्टाग्रामवर ही सोय 2018 पासून आहे. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांचा फोन तो मजकूर वाचून दाखवतो, तेव्हा तिथे चित्रातले शब्द जसेच्या तसे लिहा: 'पहाटे धावूया, नव्याने धावणाऱ्यांसाठी', आणि पुढे फोटोचं एका वाक्यात वर्णन. अक्षरांवर इतके कष्ट घेतल्यावर ती कुणाच्या तरी हाती लागूच नयेत, हे मला फार लागतं.

पोस्ट करण्याआधी चित्र स्वतःच्या फोनवर पाठवून पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा आणि हात लांब करून पाहा. मऊ सावली डाग वाटली तर ओपॅसिटी 30 टक्क्यांवर आणा. कड अक्षरांची पोटं खात असेल तर 8 पिक्सेल करा, आणि मग खोलीच्या प्रतींची कडही तेवढीच कमी करायला विसरू नका. पुढच्या वेळी याच फाइलमध्ये शब्द बदलून 'सूर्योदयापूर्वी' लिहून पाहा: लांब शब्द, दोन ऊकार आणि दोन रफार आहेत त्यात. फॉन्ट, आकार, डोक्याची जागा सगळं नव्याने ठरवावं लागेल, थरांचा क्रम मात्र तोच राहील.